चाकू, चुना आणि मोरचूद



परवा सकाळी बोर्डोच्या ड्रमात उघडा चाकू बुडवून उभा होतो. खालच्या वस्तीवरचं पोरगं डेअरीला दूध घालायला चाललेलं, ते बांधावर थांबलं.

"काका, काठी नाय का ढवळायला?"

"ढवळत नाय रं. विचारतोय."

"कुणाला?"

"चाकूला."

पोरगं हसत गेलं. त्याला सगळं सांगत बसलो असतो तर कॅनमधलं दूध नासलं असतं. म्हणून इथं लिहितो. जरा लांबण लागेल, पण डाळिंबवाल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. ह्या चाकूच्या नादात गेल्या श्रावणात माझ्या बागेला चटका बसला आणि एका भल्या माणसाला मी नाही नाही ते बोलून आलो.

आधी चाकू कसला ते सांगतो. घडीचा आहे, पण भाजी चिरायचा नव्हे. आमचे आप्पा, म्हणजे थोरले चुलते, पलटणीतून घरी आले तेव्हा ट्रंकेतून घेऊन आले होते. पातं साडेतीन इंच लांब, इंचभर रुंद, पाठ ३ मिलिमीटर जाड. साधं कार्बनचं पोलाद, स्टेनलेस नाही. खिशात टाकला की विजार एका अंगाला ओढते. आप्पांनी त्यानं काय केलं देव जाणे, मी मात्र त्याला शेतातल्या हरएक कामाला जुंपला. ठिबकची १६ एमएमची नळी कापायची, खताच्या पोत्याची शिवण उसवायची, सुतळी तोडायची, खोडावरचे फुटवे काढायचे. फांदीवर टाचणीएवढी भोकं दिसली की फांदी उभी चिरून आत भुंगेरा आहे का बघायचं. झाड अचानक पिवळं पडून मरायला लागलं की बुडाशी उकरून मूळ चिरायचं आणि आतल्या लाकडात तपकिरी-करडा डाग उतरलाय का ते बघायचं. मर रोग आहे का पाणी जास्त झालंय, ह्याचा पहिला अंदाज ह्या पात्यावरच यायचा.

आणि एवढं करून मी त्याला कधी धुतला नव्हता. विजारीला पुसला की झालं. मुठीची प्लॅस्टिकची पट्टी तडकली होती, तिला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. टेपच्या खाली चिकट काहीतरी कायम असायचं. पात्यावर गंजाचे खड्डे पडले होते, आणि उघडताना असा करकर वाजायचा की कुत्रं कान टवकारायचं.

भाचा माझा बीएस्सी ॲग्री झालाय. सुट्टीला आला होता तेव्हा बागेत हिंडताना मी एक तेल्याचं फळ तोडलं, त्याला दाखवायला चिरलं, आणि बोलता बोलता त्याच चाकूनं पुढच्या झाडाचा एक फुटवा छाटला. पोरगं जागच्या जागी थांबलं.

"मामा, औषध पंपानं फवारता आणि रोग चाकूनं."

लागलं मला ते. तेल्याचा जिवाणू जखमेतून आत शिरतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. छाटणीच्या कात्र्या आम्ही हायपोक्लोराइटमध्ये बुडवतोच, मजुरांना दमदाटी करून बुडवायला लावतो. पण खिशातला चाकू हे अवजार आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. तो आपला अंगावरचाच वाटायचा, चष्म्यासारखा.

मे महिना होता. मृग बहार धरायचा म्हणून बाग ताणावर सोडलेली, विहिरीनं तळ गाठलेला, कामं थोडी. म्हटलं चाकू सोडवून काढू.

मुठीच्या तिन्ही रिपिटांची डोकी ड्रिलनं उडवली, पंचानं ठोकून रिपिटं बाहेर काढली. फळ्या सुटल्या, पाठीची स्प्रिंग सुटली, पातं वेगळं झालं. आणि पातं जिथं मुठीत मिटतं त्या खोबणीतून जे निघालं ते मी कागदावर काढून ठेवलं. काळा डिंकासारखा गोळा, त्यात माती, सुतळीचे तंतू, सालीचे तुकडे, युरियाच्या पोत्याचा पांढरा धागा. चमचाभर तरी ऐवज. हे सगळं घेऊन मी किती बहार झाडाझाडाला हिंडलो असेन! तेल्या ह्या गोळ्यातूनच पसरला असं मी म्हणणार नाही, तो वाऱ्या-पावसानंही येतोच. पण ज्या चाकूचं टोक औषधात बुडवून मी निर्धास्त झालो असतो, त्याच्या मुठीत ही घाण तशीच राहिली असती.

सगळे भाग रात्रभर रॉकेलात टाकले, सकाळी तारेच्या ब्रशनं घासले. आता इथं माझ्या हातून पहिली चूक झाली. गंजाचे खड्डे खोल होते आणि मला घाई. वेल्डिंगच्या दुकानात गेलो आणि फिरत्या चाकावर पातं धरलं. ठिणग्या उडाल्या, चकचकीत झालं, मी खूश. मग टोकाकडं बघतो तर आधी पिवळसर, मग जांभळी, मग मोरपिशी निळी झाक. तिथंच मनात चर्र झालं. पोलाद तापताना रंग दाखवतं. सव्वादोनशे अंशाच्या आसपास फिकट पिवळा, तीनशेच्या जवळ गेलं की निळा. चाकूच्या पात्याला निळा रंग आला म्हणजे लोहारानं दिलेलं पाणी तिथनं उतरलं. ती धार मऊ पडली, कितीही लावा, टिकत नाही. गावातल्या लोहारतात्यांना दाखवलं. त्यांनी नखानं टोक तपासलं आणि म्हणाले, "येवढं मेलं. घासून टाक. पन हातानं. चाकाला आता शिवू नको." दोन दिवस ओल्या दगडावर टोक घासत बसलो. पातं पाव इंचानं आखूड झालं. ज्यांना विळे, खुरपी, कात्र्या चाकावर धार लावून आणायची सवय आहे त्यांनी एवढंच बघावं: बोटाला चटका बसण्याआधी पातं पाण्यात गेलं पाहिजे.

मूठ करायला लाकूड बघत होतो. बांधावर मर रोगानं वाळून गेलेल्या डाळिंबाची खोडं रचून ठेवलेली. डाळिंबाचं लाकूड घट्ट आणि पिवळसर असतं, पॉलिशला छान दिसलं असतं, आठवणही राहिली असती. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "रोगट झाडाचं लाकूड खिशात घालून बागेत फिरणार? मामा, काय बोलू मी." मग बाभूळ घेतली. जुन्या कुळवाचं दिंड पडलं होतं, चाळीस-पन्नास वर्षं उन्हापावसात मुरलेलं. त्याचा आतला लालसर गाभा चिरून दोन फळ्या काढल्या. बाभळीवर कानस चालवणं म्हणजे दगडावर चालवण्यातलाच प्रकार. पण एकदा आकार आला की हात लावत राहावंसं वाटतं. बोटं जिथं बसतात तिथं अंगठ्याएवढा खोलगट घाट दिला, कारण घामेजल्या हातातून जुनी मूठ निसटायची. (उजव्या तर्जनीवरचा व्रण त्याचाच. ह्या चाकूला लॉक नाही, नुसती पाठीची स्प्रिंग. टोकानं काही उचकटायला गेलात तर पातं बोटावर मिटतं. आता टोकानं उचकटणं बंद.)

फळ्यांना जवसाचं तेल दिलं. कच्चं तेल फडक्यानं चोळायचं, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून काढायचं, दोन-तीन दिवस सुकू द्यायचं, परत चोळायचं. असं पाच वेळा. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, खोबरेल तेलासारखं ओशट राहत नाही. त्यामुळं लाकूड रस पीत नाही आणि धुतलं तरी फुगत नाही. एक सांगून ठेवतो, ते तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तापतात आणि पेटूही शकतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

दोन बदल मी मुद्दाम केले. एक, मुठीतून पातं फिरतं तिथं आरपार दोन भोकं पाडली, ४ मिलिमीटरची. फवारणीच्या गनचं पाणी त्यातून मारलं की खोबणीतला मळ दुसऱ्या बाजूनं निघून जातो. दुसरं, मुठीच्या शेवटी एक कडी बसवून भगव्या रंगाची नायलॉन दोरी बांधली. गवतात पडला तरी दिसावा म्हणून. रिपिटं पितळेची घातली. ती ठोकताना पातं आणि बाजूची पत्री ह्यांच्या मधे कॅलेंडरचा जाड कागद सरकवून ठेवला आणि ठोकून झाल्यावर ओढून काढला. कागदाच्या जाडीएवढी जागा राहिली, पातं अडकत नाही आणि हलतही नाही. हे लोहारतात्यांनी शिकवलं.

आता पॉलिश. खिडकीच्या फुटक्या काचेचा तुकडा सपाट फळीवर ठेवला, त्यावर वॉटर पेपर, थोडं साबणाचं पाणी, आणि पातं सपाट धरून घासत राहायचं. आधी २२० नंबर, मग ४००, ६००, १०००, शेवटी १५००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची. आधीच्या पेपरचे ओरखडे उभे असतील तर आता आडवं घासायचं, आणि उभा एकही ओरखडा दिसेनासा होईपर्यंत पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. मी घाईनं ४०० वरून १००० वर उडी मारली आणि चकाकीच्या आत जुने ओरखडे तसेच दिसायला लागले. परत मागं यावं लागलं. एकूण सात-आठ रात्री गेल्या. ही म्हणाली, "अहो, चाकू घासताय का सोनं?" शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर हिरवं पॉलिश लावून पातं ओढलं तेव्हा त्यात माझ्या मिशा दिसल्या. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी चाकू उशाशी घेऊन झोपलो.

धारेला दगडावर दोन्ही बाजूंनी अंदाजे २० अंश. कोन मोजायला माझी खूण अशी: पातं इंचभर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण ८-९ मिलिमीटर उचललेली हवी. मुठीजवळचा इंचभर भाग मी ४०० वरच खरखरीत ठेवला, पुढचा सगळा गुळगुळीत केला. गुळगुळीत धार हिरव्या फुटव्याला साफ जाते, साल चिंबत नाही. पण नायलॉनच्या दोरीवर तीच धार घसरते. दोरीला खरखरीत दातच लागतात.

साधं पोलाद गंजतं, म्हणून चकाकलेल्या पात्याला शिलाई मशीनचं तेल चोळलं. रोज चोळत होतो. आणि इथंच सगळं घोडं अडलं.

श्रावणात फळं लिंबाएवढी झाली होती. आठ दिवस आभाळ उतरलेलं, बारीक भुरभुर, हवा ओली. तेल्याला ह्याच्यापेक्षा चांगलं निमंत्रण नाही. अर्धा टक्का बोर्डो घ्यायचं ठरवलं. २०० लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. मोरचूद प्लॅस्टिकच्या ड्रमात वेगळं विरघळवलं, चुना वेगळा विरवला, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत लाकडानं ढवळलं. पद्धतीत काही चूक नव्हती. चूक चुन्यात होती. पोतं उन्हाळ्यात घर रंगवायला फोडलेलं, तोंड उघडं, पडवीत भिंतीला टेकून. खडे जाऊन नुसती भुकटी उरली होती. पाण्यात टाकला तेव्हा तो फसफसला नाही, तापलाही नाही. हे मी बघितलं. बघून मनात म्हटलं, चाकू सांगेलच.

नव्या पोरांसाठी सांगतो. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आंबट. चुना त्याचा आंबटपणा मारतो. चुना कमी पडला तर मोकळं तांबं पाण्यात राहतं आणि ते बुरशी-जिवाणूंबरोबर आपलं पानही जाळतं. ते मोकळं तांबं ओळखायची जुनी खूण म्हणजे लोखंड. घासून चकचकीत केलेलं लोखंडी पातं मिनिटभर मिश्रणात धरायचं. मोकळं तांबं असेल तर लोखंडावर येऊन बसतं, पातं तांबूस होतं. मग आणखी चुन्याची निवळी घालायची, परत बघायचं, पातं पांढरं निघेपर्यंत. द्राक्षवाले आणि पानमळेवाले ही परीक्षा पिढ्यान् पिढ्या करत आलेत.

मी चाकू धरला. मिनिट कसला, तीन मिनिटं धरला. बाहेर काढला तर आरशासारखा. मिशा दिसल्या. पंप चालू केला, तीन ड्रम मारले, वरच्या अंगाच्या नऊ ओळी संपल्या.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपायला लागल्या. कोवळ्या शेंड्यांची टोकं काळी, पानांवर तपकिरी ठिपके, पाचव्या दिवशी पानगळ. फळांवर खरबरीत डाग उठले, जणू कुणी काथ्यानं घासलंय. त्या नऊ ओळींत मी सकाळी जायचो आणि बसून राहायचो. बहार म्हणजे आमचं वर्ष. सोसायटीचं कर्ज, धाकटीची फी, सगळं त्याच फळांवर लिहिलेलं. ही काही बोलत नव्हती, ते जास्त जड जात होतं.

आणि मग डोकं भलतीकडं गेलं. चुना कमी नव्हता, चाकूनं सांगितलंय. म्हणजे मोरचुदातच काहीतरी मिसळलंय. तालुक्याला गेलो, दुकानात चार गिऱ्हाईकं उभी असताना काउंटरवर करपलेल्या फांद्या टाकल्या आणि म्हणालो, भेसळीचा माल विकून शेतकऱ्याच्या पोटावर पाय देता. आणखीही बोललो, ते इथं लिहीत नाही. दुकानदार वयानं माझ्यापेक्षा मोठे. ते एवढंच म्हणाले, "बसा तरी." मी बसलो नाही.

रविवारी भाचा आला. बाग बघितली, फांद्या उलट्यापालट्या केल्या, मग म्हणाला, "तेल्या नाही हा. औषधानं जळलंय. चुना दाखवा."

"चुना बरोबर होता. चाकू बुडवून बघितलाय मी."

"चाकू दाखवा."

मी खिशातून काढला. तो आधी मुठीकडं बघून "वा" म्हणाला, मला बरं वाटलं. मग अंगठा पात्यावरून फिरवला, अंगठा उजेडाला धरला. चमकत होता. "तेल कसलं लावलंय?"

बादलीत त्यानं त्याच पोत्यातला चुना आणि उरलेलं मोरचूद घेऊन थोडं मिश्रण केलं. पात्याचा पुढचा अर्धा भाग राख आणि साबणानं खसखसून धुतला, मागचा अर्धा तेलकट तसाच ठेवला. मग आख्खं पातं बादलीत धरलं. आम्ही दोघं, ही, आणि आई पडवीत उभे. बाहेर काढलं तेव्हा पुढचा अर्धा भाग नव्या तांब्याच्या पैशासारखा लाल, आणि मागचा अर्धा स्वच्छ, आरशासारखा. मधे रेघ मारल्यासारखी हद्द.

कुणी काही बोललं नाही. आईला काय झालं ते कळलं नसावं, पण माझ्याकडं बघून तिला काहीतरी कळलं.

भाच्यानं नंतर समजावलं ते असं. तेलाचा पातळ थर असला की पाणी पोलादाला भिडतच नाही, मग तांबं बसणार कुठं? आणि चुन्याचं पोतं उघडं राहिलं की चुना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, हळूहळू खडूसारखा होतो. वजनाला किलो भरतो, पण आंबटपणा मारायची ताकद निम्मीही राहत नाही. मी त्याला विचारलं, मग पॉलिश करणंच चुकलं का? म्हणाला, "नाही, पॉलिश बरोबर आहे. गंजक्या पात्यावर तांबं बसलं काय आणि गंज दिसला काय, रंग सारखाच. जुन्या चाकूनं तुम्ही परीक्षा केली असती तरी फसलाच असता. पण मिशा दिसायची गरज नव्हती. ४०० च्या पेपरवर थांबला असता तरी चाललं असतं." स्टेनलेसचा चाकू ह्या कामाला धरायचा नाही हेही त्यानंच सांगितलं, त्याच्यावर तांबं चटकन बसत नाही.

आमच्या हिनं तेवढ्यात विचारलं, "मग एखादा खिळा घासून बुडवला तर?"

"चालतंय की मामी."

"दोन रुपयांचा खिळा," असं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो. गाडीवर जाताना काय बोलायचं ते घोकत होतो, दुकानात गेल्यावर सगळं विसरलो. म्हटलं, चूक माझी होती, चुना जुना होता. त्या दिवशीची चार गिऱ्हाईकं आता नव्हती, ह्याची मला जास्त लाज वाटली. चारचौघांत बोललो होतो, माफी एकट्यात मागत होतो. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "चुना कुठला वापरला हेच तर विचारणार होतो मी तुम्हाला. तुम्ही विचारू दिलं कुठं?" म्हणून ती चार गिऱ्हाईकं ह्या पानावर असतील तर त्यांच्यासाठी लिहितो: मोरचूद चांगलं होतं. दुकानदारांचा काही दोष नव्हता.

त्या नऊ ओळींनी नवी पानं काढली, झाडं वाचली. फळांवरचे डाग गेले नाहीत. आतले दाणे लाल आणि गोड, पण डागी माल तो डागीच, वेगळ्या क्रेटमध्ये भरून पडेल भावानं दिला. हिशेब वहीत आहे, इथं मांडत नाही.

आता माझी रीत अशी आहे. कळीचा चुना खड्यांचाच आणायचा, ज्या आठवड्यात फवारणी त्याच आठवड्यात. उरला तर झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात. वापरायच्या आधी एक खडा पाण्यात टाकून बघायचा. फसफसून तापला तर चुना जिवंत. चाकू आदल्या रात्री राख-साबणानं धुवून, कोरडा करून ठेवायचा. परीक्षेआधी पात्याला बोटंही लावायची नाहीत, बोटाचाही तेलकटपणा असतो. शिवाय निळा लिटमस कागद खिशात ठेवतो. तो लाल झाला तर मिश्रण आंबट. आणि एक खिळाही घासून ठेवलाय, ही विचारते म्हणून.

झाडाझाडाला चाकू लावायचा असेल तेव्हा कमरेला एक डबा. त्यात १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी. हे रोज नवं करायचं, उन्हात त्याचा जोर उतरतो. आणि कुठल्याही ॲसिडशी त्याची गाठ घालायची नाही, विषारी वायू सुटतो. ते पोलादाला खातंही, म्हणून काम संपल्यावर चाकू स्वच्छ पाण्यानं धुवायचा, भोकांतून पाणी मारायचं, कोरडा करायचा आणि मग तेल. तेल शेवटी, हे मी मुठीच्या आतल्या बाजूला दाभणानं कोरून ठेवलंय. भाचा म्हणतो, मामा, एवढं लिहायची गरज नव्हती. त्याला काय जातंय.

तर परवाचं. पोरगं दूध घेऊन गेलं, मी चाकू बाहेर काढला. पात्याच्या टोकाला अगदी फिकट तांबूस झाक होती, उन्हाकडं तिरपा धरल्यावर दिसली. नव्या चुन्यातही थोडी कसर होती. निवळी केली, आणखी साधारण शंभर ग्रॅमची, हळूहळू ओतत ढवळली. पातं परत घासून, धुवून बुडवलं. दुसऱ्यांदा पांढरं निघालं. लिटमस निळाच राहिला. खिळाही बघितला.

पंप चालू केला तेव्हा पोरगं रिकामा कॅन घेऊन परत येत होतं. बांधावरूनच ओरडलं, "काका, काय म्हनला चाकू?"

"मार म्हनला."